काळ्यावर काळं

डोळ्याचं ऑपरेशन आमच्या मॅडम करतात. त्याच्या आधी जे बोलावं लागतं ते माझं काम. सिडकोतल्या एका डोळ्याच्या दवाखान्यात दुसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून एक खोली आहे, दारावर ‘समुपदेशन’ अशी पाटी. ही पाटी आमच्या पेशंटांपैकी कुणीच वाचत नाही. निम्म्यांना मोतीबिंदूमुळं दिसत नाही आणि बाकीच्यांना तो शब्दच माहीत नसतो. खाली गेटवरचे काका त्यांना सरळ सांगतात, “वर जा, त्या बोलणाऱ्या पोराकडं.”

तर मी तो बोलणारा पोरगा. गणेश. वय एकोणतीस, नोकरीला सात वर्षं झाली. दिवाळी अंकाच्या संपादकांनी कामाचे अनुभव लिहायला सांगितले तेव्हा मी म्हटलं, अहो, अनुभव रिटायर माणसं लिहितात, माझं अजून लग्नसुद्धा झालं नाही. ते म्हणाले, मग तर तुमच्याकडं वेळ भरपूर असंल. खरंय. आहे.

माझी शाळा कन्नडला झाली. तिथं मी दोन गोष्टी शिकलो, एक सायकल आणि दुसरी नक्कल. गणिताच्या सरांची नक्कल मी गणिताच्या सरांसमोरच करायचो आणि ते पोट धरून हसायचे, त्यामुळं माझ्या पेपरात थोडं धकून जायचं. एसटीचा कंडक्टर, बाजारात बैल विकणारा दलाल, लग्नात माईक न सोडणारे मामा, सगळे मला यायचे. पुढं डोळे तपासायचा डिप्लोमा केला आणि इथं लागलो. पहिले दोन महिने मी शहाण्यासारखा बोललो, पण कुणी ऐकायचं नाही. मग एक दिवस भीतीनं थरथरणाऱ्या एका म्हाताऱ्याला मी कंडक्टरच्या आवाजात म्हटलं, “चला बाबा, पुढं सरका, घाट लागायच्या आत ऑपरेशन होतंय!” म्हातारा हसला आणि आपल्या पायानं टेबलावर जाऊन झोपला. त्या दिवसापासून माझी खोली आणि माझं तोंड दोन्ही फेमस.

धंदा समजून घ्या, लई अवघड नाही. आपल्या डोळ्यात एक भिंग असतं. वय झालं की ते पिवळं, मग दुधाळ होतं. तोच मोतीबिंदू. ऑपरेशनात ते भिंग काढायचं आणि बाहेरून आणलेलं बसवायचं. ह्या बाहेरच्या भिंगात मोठे दोन प्रकार. साधं भिंग एकाच अंतरावरचं चांगलं दाखवतं. बहुतेक लोक ते लांबचं ठेवतात आणि वाचायला चष्मा लावतात. दुसरं मल्टिफोकल. त्यात बारीक गोल कडी असतात, ती लांबचं पण दाखवतात आणि जवळचं पण. चष्मा जवळजवळ सुटतो.

मग सगळ्यांनी तेच का बसवू नये? कारण उजेड तेवढाच असतो. पाटाचं पाणी एकच आणि ते दोन वावरांत सोडायचं, असं ते काम आहे. पाणी भरपूर असेल तर दोन्ही वावरं भिजतात. पाणी कमी झालं की दोन्हीकडं चणचण. तसं ह्या भिंगात उजेड लांबच्यासाठी आणि जवळच्यासाठी वाटला जातो. भर दिवसा काही कळत नाही. अंधुक उजेडात मात्र गोष्टी जरा फिक्या, एकमेकींत मिसळल्यासारख्या दिसतात. दिव्याभोवती कडं दिसतं. पुष्कळांना सहा महिन्यांत त्याची सवय होते, काहींना होत नाही. म्हणून माणूस आधी नीट विचारून घ्यायचा की गाडी चालवता का, वाचता का, दिवसभर करता काय. हे विचारायचा मला पगार आहे.

मजा पण भरपूर होते. फुलंब्रीचे एक मास्तर ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी भांडायला आले. “अहो, माझा पिवळा शर्ट पांढरा झाला!” तो शर्ट पहिल्यापासून पांढराच होता. एवढी वर्षं मास्तर पिवळ्या भिंगातून बघत होते आणि पिवळ्या शर्टावर शोभते म्हणून तपकिरी पँट घालत होते. एका काकूंनी पट्टी काढल्यावर आरसा मागितला, बघितला आणि शांतपणे म्हणाल्या, “सासूबाई कधी आल्या?” हे सगळं मी त्या त्या आवाजात स्टाफला करून दाखवायचो. जेवणाच्या सुट्टीत गर्दी जमायची. सुट्टी संपली की सगळे आपापल्या कामाला आणि मी परत त्या खोलीत. खोलीला खिडकी नाही. डोळ्याच्या दवाखान्यात अंधार लागतो, त्यामुळं खिडक्या कमीच.

संध्याकाळी हडकोतली माझी खोली. मेसवाले भाऊ ताट वाढताना म्हणायचे, “सर, आज कोण?” मग मी एखाद्याचा आवाज काढायचो, ते हसायचे आणि एक चपाती जास्त टाकायचे. त्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपर्यंत माझ्याशी कुणी बोललं तर ते पाण्याची मोटर चालू-बंद करण्यापुरतं.

धुरपदाबाई आल्या त्या अशाच चालू दिवसांत. सोबत मुलगा बाळू आणि सून. बाळू वाळूजला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत शिफ्टमध्ये, सून तिथंच दुसऱ्या कंपनीत पॅकिंगला. बाई राहायच्या कन्नडजवळच्या खेड्यात, एकट्या. मूळची मेंढरं राखणारी माणसं. मेंढरं विकून आता वर्षं झाली, पण घरात घोंगड्यांचा माग होता. मालक विणायचे, बाई लोकर कातायच्या आणि तुटलेले धागे जोडून द्यायच्या. मालक गेल्यावर बाई स्वतः मागावर बसल्या. चाळीस वर्षं बघून बघून शिकलेल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आणि माग थांबला.

हे सगळं मला आज माहीत आहे. त्या दिवशी मी फॉर्मवर फक्त एक शब्द लिहिला, ‘विणकाम’. माझ्या डोक्यात आलं स्वेटर.

बाळू म्हणाला, “सर, आईला जे चांगल्यात चांगलं हाय ते टाका. जल्मात तिनं काय मागितलं नाय.”

“वाचन?” मी विचारलं.

“शिकलेच नाय,” बाई म्हणाल्या.

“अंधारात गाडी चालवता का, मावशी?”

“व्हय, ईमान चालिवते.”

मला आवडल्याच त्या. म्हटलं, ही आपल्या जातकुळीची बाई. मग मी खुलून मल्टिफोकल समजावलं, पाट, पाणी, वावरं, सगळं. बाई मान हलवत ऐकत होत्या. खोलीत आणखी दोन पेशंट आणि त्यांचे पाहुणे बसलेले. आणि तेव्हा बाईंनी पदर सावरून विचारलं, “पोरा, त्याच्यानं काळ्यावर काळं दिसंल का?”

काय बोलली ही बाई! तो प्रश्न, तो सूर, शेवटी हनुवटीला लावलेला हात. माझ्यासारख्या माणसाला हे सोडवतं का? मी हनुवटीला हात लावला, डोक्यावर नसलेला पदर घेतला आणि हुबेहूब त्यांच्याच आवाजात म्हटलं, “पोरा, त्याच्यानं काळ्यावर काळं दिसंल काऽऽ?” आणि लगेच माझ्या आवाजात, “मावशी, अमावास्येला काळी म्हैस हरवली तर तुम्हालाच शोधायला पाठवू!”

खोली हसली. बाळू हसला, सून भिंतीकडं तोंड करून हसली. बाईसुद्धा तोंडावर पदर घेऊन हसल्या. त्यांनी पुन्हा काही विचारलं नाही. ‘पेशंटला सर्व माहिती समजली’ ह्या ओळीपुढं मी टिक केली आणि त्यांचा अंगठा घेतला.

ऑपरेशन उजव्या डोळ्याचं झालं, एकदम चोख. महिन्यानं तपासलं. अक्षर न येणाऱ्यांसाठी आमच्याकडं इंग्रजी ‘ई’चा तक्ता असतो, ‘ई’ची तोंडं चारी दिशांना. तोंड जिकडं असेल तिकडं बोट करायचं. बाईंनी सगळ्यात खालच्या ओळीपर्यंत बोट केलं. म्हणजे सहा-सहा, पैकीच्या पैकी मार्क. मग मी सुई आणि पांढरा दोरा दिला. पहिल्याच झटक्यात ओवला. बाळूनं व्हिडिओ काढला. मॅडम क्वचित हसतात, त्यासुद्धा हसल्या आणि म्हणाल्या, “छान. दुसऱ्या डोळ्याची तारीख द्या, तेच भिंग.”

बाई म्हणाल्या, “दुसरा ऱ्हाऊ द्या.”

“आई घाबरती, सर,” बाळू म्हणाला. “मी समजावतो. तुम्ही तारीख लिहा, तवर मी खालून ड्रॉप घेऊन येतो.” तो खाली गेला. मॅडम आपल्या केबिनला गेल्या.

आता समजवायचं काम माझं. मी खुर्ची पुढं ओढली आणि कंडक्टरच्या आवाजात सुरू केलं, “चला मावशी, पुढं सर—”

“थांब जरा,” बाई म्हणाल्या.

मी थांबलो.

“तवा ईचारलं व्हतं म्या तुला. तू माझाच आवाज काढला. मला वाटलं, याला माझा आवाज हुबेहूब येतोय म्हंजी माझं बोलणं बी याला समजलं असंल.”

त्यांचा सूर रागाचा नव्हता, म्हणून जास्त लागलं. नक्कल करणाऱ्याला टाळ्या मिळतात, शिव्या पण मिळतात. असं कुणी कधी बोललं नव्हतं.

मग त्यांनी सांगितलं. आपल्याकडची मेंढरं काळी, लोकर काळी, घोंगडं काळं. मागावर काळे उभे धागे शेकड्यानं ताणलेले आणि त्यातून काळाच आडवा धागा जातो. धागा तुटला की तिथंच जोडावा लागतो. तुटका धागा दिसला नाही तर घोंगड्यात वीतभर भेग पडते. “लांबचं दिसतंय. समूरच्या डोंगरावरची शेरडं मोजते. सुई वविते. पर मागावर बसलं की शाई सांडल्यावानी. समदं एकच. कुठला तुटला ते उमगंना.”

“बाळूला सांगितलं का?”

“त्याला काय सांगू? त्यानं जीव लावून केलंय. त्याला म्हणू व्हय की तू दिलेला डोळा चांगला नाय?” टेबलावरच्या सुईतला दोरा त्यांनी ओढून काढला. “त्यो म्हणतो, आता माग जमत नसंल तर इकून टाकू, वाळूजला ये आमच्यापाशी. पोरगा गुणाचा हाय. पर ती दोघं कामाला. म्या दार लावून बसायचं. शेजारी बी दार लावलेलं. टीव्हीतली माणसं बोलत्यात, पर आपलं कोण ऐकतंय? हितं मी मागावर असले की रस्त्यानं जाणारं दर माणूस ईचारतं, धुरपदे, कुठवर आलं?”

दार लावून बसण्याबद्दल मला कुणी सांगायची गरज नव्हती.

ऑपरेशननंतर पेशंटला काळा गॉगल देतात, त्याचं काळ्या कापडाचं पाकीट असतं. मी ते टेबलावर ठेवलं, नर्सबाईंकडून काळा दोरा आणला आणि तुकडा पाकिटावर टाकला. “मावशी, दोरा कुठंय?” डावा डोळा झाकून त्या वाकल्या, सरळ झाल्या, परत वाकल्या. नाही दिसला. पाकीट घेऊन बाहेर जिन्यापाशी गेलो, तिथं एक खिडकी आहे. तिथं त्यांना अर्धवट दिसला. सात वर्षं मी माणसं तपासत होतो. आमचे सगळे तक्ते पांढऱ्यावर काळे. पुस्तक पांढऱ्यावर काळं, पेपर पांढऱ्यावर काळा. आयुष्यभर काळ्यावर काळं बघणारी बाई समोर बसून तेच विचारत होती आणि मी म्हशीचा विनोद केला.

मॅडमच्या केबिनला जायला सतरा पावलं लागतात. मी मोजली, कारण त्या दिवशी दोनदा अर्ध्यातून परत फिरलो. सांगायची गरज नव्हती. सहा-सहा लिहिलं होतं, अंगठा होता, टिक होती. बाळूनं आग्रह केला असता, दुसऱ्या डोळ्यात तेच भिंग बसलं असतं, माग विकला गेला असता आणि आमच्या कागदावर दोन्ही डोळे पास.

गेलो आणि सांगितलं. मॅडमनी फॉर्म पुढं ओढला.

“विणकाम. म्हणजे काय समजलास तू?”

“स्वेटर.”

“आणि तिनं विचारलं तेव्हा?”

“मी... तिची नक्कल केली.”

मॅडम ओरडल्या नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, “माझी पण चूक आहे. मी तुझी टिक बघितली, बाईला बघितलं नाही.” आणि पुढं कामाचं बोलल्या. बसवलेलं भिंग काढता येतं पण त्यात धोका आहे, चांगल्या डोळ्याला परत हात लावायचा नाही. हळूहळू मेंदूला थोडी सवय होईल, पण पूर्ण होईल असं सांगता येणार नाही. डावा डोळा अजून आपल्या हातात आहे. त्यात साधं भिंग टाकायचं आणि ते लांबसाठी न ठेवता नेमकं मागाच्या अंतरासाठी ठेवायचं. सगळा उजेड एकाच वावरात.

“अंतर किती?”

मी हात पुढं करून दाखवला. “एवढं असेल.”

“अंदाजानं एकदा झालंय ना तुझं? मोजून आण.”

रविवारी कन्नडची एसटी धरली, तिथून जीप. खिशात शिंप्याचा टेप. जीपमध्ये चौदा माणसं होती आणि नेहमीप्रमाणं मी सगळ्यांना हसवू शकलो असतो.

बाईंचं घर म्हणजे दोन खोल्या, पुढच्या खोलीत माग. मागापुढं खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं. बाजूला एक लहान खिडकी. घोंगडं अर्ध्याच्या जरा पुढं येऊन थांबलेलं. बाई बसल्या. मी टेपचं एक टोक त्यांच्या डोळ्यापाशी धरलं, दुसरं विणीवर.

“कापडं शिवतो का काय माझ्या डोळ्याला?”

“मावशी, हलू नका.”

“हलल्याबिगर इणता येतं व्हय? हात मारला की मी अशी फुडं जाते.” आणि त्या पुढं वाकल्या. खरंच की. दवाखान्यात खुर्चीवर बसवून विचारलं असतं तर हे कळलं नसतं. मी दोन्ही मापं घेतली, ताठ बसल्यावरचं आणि वाकल्यावरचं. दोन्हींत चांगला वीतभर फरक.

“आता तू बस,” त्या म्हणाल्या.

“मी?”

“डोळं तरुण हायेत नव्हं तुझं? तुटका धागा काढून दाव.”

मी खड्ड्यात पाय सोडून बसलो. समोर काळं. नुसतं काळं. पाच मिनिटं बघितलं, दहा मिनिटं बघितलं. डोळ्यांत पाणी आलं. बाई मागं उभ्या राहून सांगत होत्या, धाग्याकडं बघू नगं, धाग्यामधल्या फटीकडं बघ, एक फट रुंद दिसंल. शेवटी दिसली. मला एवढा आनंद झाला की मी ओरडलो. बाहेरून जाणाऱ्या एका म्हाताऱ्यानं दारात डोकं घालून विचारलं, “धुरपदे, कोन गं हे?”

“डोळ्याचा डाक्टर हाय. शिकाया आलाय.”

मला गावात कुणी डॉक्टर म्हणत नाही, आणि शिकायला आलाय हे तर त्याहून खरं होतं. बाईंनी भाकरी आणि ठेचा दिला. मी जेवलो. त्या सहज म्हणाल्या, “आज आवाज नाय काढला कुणाचा?” मी म्हटलं, सुचला नाही. त्यांनी मान हलवली आणि आणखी अर्धी भाकरी ताटात टाकली.

बाळूला सांगायचं राहिलं होतं. बाई म्हणाल्या होत्या, तू सांग, माझ्याच्यानं व्हायचं नाय. मी त्याला दवाखान्यात बोलावलं आणि खोलीचं दार लावून सगळं सांगितलं. तो आधी डोळ्याबद्दल बोललाच नाही.

“म्हंजी मी चुकीचं करवलं का, सर?”

“नाही. चूक माझी. त्यांनी विचारलं होतं, मी हसण्यावारी नेलं.”

“तुम्ही लई हसवलं व्हतं त्या दिवशी,” तो म्हणाला. “मी घरी जाऊन बायकोला परत करून दाखवलं.” मग खुर्चीवरून उठत, “दुसऱ्याला साधंच टाका. पर सर, साधं म्हंजी हलकं नाय ना?”

“हलकं नाही. तिच्या कामाचं आहे.”

डावा डोळा झाला. ह्या वेळी खोलीत मी फार बोललो नाही. बाहेर बसलेल्या नर्सबाईंना वाटलं मला ताप आहे.

तीन आठवड्यांनी बाई तपासणीला आल्या. ‘ई’चा तक्ता झाला. मग मी काळ्या लोकरीचा एक तुकडा काढला. तो मी त्यांच्याच घरून आणला होता. त्यावर काळे धागे चिकटवून मी एक तक्ता तयार केला होता, जगात कुणाकडं नसेल असा. उजवा डोळा झाकला, तक्ता मागाच्या अंतरावर धरला, दिवा मुद्दाम मंद केला. बाळू भिंतीला टेकून उभा होता. ह्या वेळी त्याच्या हातात मोबाइल नव्हता.

“किती धागे आहेत, मावशी?”

बाई वाकल्या. मागावर वाकतात तशाच. मी सहा धागे चिकटवले होते.

“सात,” त्या म्हणाल्या.

बाळूनं माझ्याकडं बघितलं.

“सहा धागे आन् एक केस हाय. तुझाच असंल. तेल लावत जा पोरा, गळाया लागले.”

मी दिवा मोठा केला. खरंच, कडेला माझा एक केस. बाळू एकदम खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मॅडमनी तो तक्ता मागून घेतला. आता तो त्यांच्या ड्रॉवरमध्ये असतो आणि फॉर्मवर ‘जवळचं काम’ ह्या रकान्यापुढं मी आता एक शब्द लिहून थांबत नाही. काम काय, रंग कोणता, उजेड किती, डोळ्यापासून किती लांब, सगळं लिहितो. लोक वैतागतात. एका सोनाराला मी विचारलं की सोनं कशावर ठेवून बघता, तर त्याला वाटलं मी चोरी करायला येणार.

उजव्या डोळ्यातलं भिंग तसंच आहे. देव्हाऱ्यातल्या दिव्याला त्यातून कडं दिसतं. बाई म्हणाल्या, “दिसू दे, काय खातंय थोडंच.” पण ते माझ्या एका विनोदामुळं आहे, आणि त्या डोळ्यापुढं आमच्या रजिस्टरात अजूनही सहा-सहा लिहिलेलं आहे.

सहा महिन्यांनी शेवटची तपासणी असते. बाईंची तारीख गेली, त्या आल्या नाहीत. आमच्या धंद्यात असंच असतं. ज्याचं बिघडलं तो आठवड्याला येतो, त्याचे नातेवाईकसुद्धा आपल्याला पाठ होतात. ज्याचं बरं झालं तो जिना उतरतो तो उतरतोच. दुपारी मी फोन केला. पूर्ण वाजला. परत केला. परत वाजून बंद. मग बाळूला लावला.

“आई दुपारची फोन उचलत नाय, सर. मागावर असती. आवाजात ऐकूच येत नाय तिला.”

“बरं दिसतंय ना मग?”

“दिसतंय म्हंजी! दोन घोंगडी झाली. तिसरं लावलंय. मला बी फोनवर दोनच शब्द बोलती आता. बरा हायेस ना, ठिवते. सर, खोटं नाय बोलत, ती येईल म्हणून मी आतली खोली रंगवून घेतली व्हती. हिरवा रंग दिला. आता तिथं कपडे वाळत घालतो.”

“बायको?”

“माझी पहिली शिफ्ट, तिची दुसरी. दारात किल्ली देतो, घेतो.”

फोनवर त्याच्या मागं कुठंतरी लोखंड आपटल्याचा आवाज होत होता.

“जेवलात का, सर?” त्यानं विचारलं.

“अजून नाही.”

“मी बी नाय. बसतोच आता, डबा उघडतो.”

“बस,” मी म्हटलं. “मी पण उघडतो. फोन चालू ठेव.”